वाचक विचारतात: लिओनिदासचा तुटका भाला खरा होता का?

प्रश्न: नमस्कार, मी फोंड्याला कॉलेजात आहे. सध्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' हा प्राचीन ग्रीसमधला व्हिडिओ गेम खेळतोय. त्यात ग्रीसमधल्या स्पार्टाच्या लिओनिदास राजाचा तुटका भाला आहे, हात लावला की जुन्या गोष्टी दिसतात, पॉवर मिळते. बाबा म्हणतात सगळ्या थापा. असा भाला खरंच होता का, कुठल्या म्युझियममध्ये आहे का? आणि स्पार्टन असून हिरोकडे ढाल कशी नाही?

उत्तर: तुझा प्रश्न वाचून मला खूप बरं वाटलं, कारण हा गेम मीही मन लावून खेळलोय आणि तो भाला माझाही लाडका आहे. तो फेकला की दुसऱ्या क्षणाला आपण थेट शत्रूच्या अंगावर, ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच होतो!

जादूपुरतं बाबांचं बरोबर आहे. 'इसू' नावाची माणसाच्या आधीची जमात, तिने बनवलेला भाला, आंद्रोस बेटावरच्या भट्टीत तुकडे घालून त्याची ताकद वाढवायची, हे सगळं 2018 च्या या गेमसाठी रचलेलं आहे. लिओनिदासची मुलगी मिरिनी आणि नातवंडं अलेक्सिओस-कॅसँड्रा (आपण खेळतो ते हिरो) पण तशीच, इतिहासात त्याचा प्लेइस्टार्कस हा मुलगा सापडतो.

पण तुटका भाला मात्र हवेतून आलेला नाही हं. इ.स.पू. 480 मधली थर्मोपिलीची लढाई, जिथे लिओनिदास आणि त्याचे ग्रीक सैनिक पर्शियन फौजेशी लढत पडले, ती हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलीय (हो, गेममध्ये आपल्या जहाजावर असतो तोच), त्यात शेवटच्या दिवशी बहुतेक ग्रीकांचे भाले मोडले होते, मग ते तलवारींनी लढले आणि त्याही राहिल्या नाहीत तेव्हा हातांनी आणि दातांनी. दातांनी! मी तो भाग वाचून पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. त्यापुढे गेममधली जादू मला फिकी वाटते, खरं सांगतो.

लिओनिदासचा भाला कुठल्याच म्युझियममध्ये नाही. पण 1939 मध्ये स्पिरिडॉन मारिनातोस या ग्रीक पुरातत्त्वज्ञांनी थर्मोपिलीच्या टेकडीवर खोदकाम केलं तेव्हा बाणांची टोकं ढिगाने सापडली, ग्रीक शेवटी ज्या टेकडीवर पडले तीच ही मानतात. ती टोकं अथेन्सच्या राष्ट्रीय म्युझियममध्ये आहेत, कधी गेलास तर ती नक्की बघ.

आणि बाबांना एवढंच विचार, आपल्या बाणावलीचं नाव कशावरून पडलं? परशुरामाने सह्याद्रीवरून बाण मारला, समुद्र मागे हटला आणि बाण पडला ते बाणावली, ही गोष्ट गोव्यात लहानपणीच कानावर पडते. ती ऐकून कोणी बाण शोधायला जात नाही, पण थापा म्हणून सोडूनही देत नाही. भाल्याच्या गोष्टीलाही तेवढी जागा द्यायला काय हरकत आहे?

आता ढाल. गेममध्ये डाव्या हातात तो तुटका भालाच असतो, ढाल धरणार कुठे. खऱ्या स्पार्टनची ढाल मात्र फक्त स्वतःसाठी नव्हती, रांगेत उभं राहिलं की तिची अर्धी आड शेजारच्याला मिळायची, म्हणून ढाल टाकून पळणं तिथे फार लाजिरवाणं. तुझा हिरो भाडोत्री, एकटा लढणारा, त्याला रांगच नाही. समोरून येणाऱ्या सैनिकांकडे मात्र ढाली असतात बघ, आणि ती हिसकावून घ्यायची ट्रिक अजून शिकला नसशील तर आधी ती घे.