श्वासासोबत येशूचं नाव

प्रश्न : मी ख्रिस्ती आहे. मैत्रिणीसोबत ध्यानाला बसते, तेव्हा श्वासाबरोबर येशूचं नाव घेते. ही माझ्या श्रद्धेशी प्रतारणा तर नाही ना?

उत्तर : मुळीच नाही, ताई. ऑर्थोडॉक्स या पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाच्या मठांत शतकानुशतकं हेच चालत आलंय. लोकरीची गाठींची दोरी, बहुधा १०० गाठींची. एकेक गाठ बोटांतून सरकते आणि श्वासागणिक ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ नामजप करणाऱ्याला हे परकं वाटेल का? थॉमस मर्टन हे ट्रॅपिस्ट या कॅथलिक संघाचे संन्यासी १९६८ मध्ये दलाई लामांना भेटले, तेव्हा ध्यानाविषयीच बोलले.

फरक मात्र पुसू नका. तुमचा जप म्हणजे हाक आहे. ऐकणारा आहे, या भरवशावर मारलेली. मीही पहाटे तीच हाक मारते. मैत्रीण कुणाला हाक मारते, की नुसतीच शांत बसते, हे तिला एकदा मोकळेपणानं विचारा.