सोबत्याला भूकही हवी, हद्दही हवी

कथा, कॉमिक किंवा रोल-प्लेइंग गेमसाठी मुंबईतल्या प्राण्यांवरून कल्पित सोबती घडवणाऱ्यांचे हे चार प्रश्न.

गेममधली नायिका आरेत राहते. तिला सोबती म्हणून बिबट्या दिला, पण दोन सेशनमध्येच खेळ बेचव झाला. (गोरेगाव)

होणारच. प्रत्येक लढाई बिबट्याच मारतो, मग नायिकेला काम काय उरलं? त्यातून तो एकांडा, आपला इलाखा राखणारा. ठेवायचाच तर फक्त रात्री आणि ठरावीक हद्दीत ठेवा. आणि आरेतल्या पाड्यांवर वाघोबा देव आहे, त्याला पाळीव करू नका.

त्यापेक्षा वाघाटी, म्हणजे एक चिमुकलं रानमांजर, घ्या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तिची नोंद आहे. वजन जेमतेम एक ते दीड किलो, अंगावर तांबूस ठिपके, झाडावर चढण्यात पटाईत. ती लढणार नाही, पण ग्रिलमधून आत शिरून किल्ली आणेल. कल्पित बदल एकच करा: धोका जवळ आला की ठिपके उजळतात. इशारा मिळतो, पण लपलेली वाघाटीही दिसते. शक्तीची किंमत त्याच शक्तीत असली की वेगळे नियम लिहावे लागत नाहीत.

खाडीतल्या निवट्यावरून (चिखलात फिरणारा मासा) कुत्र्याएवढा सोबती करतोय. तो जमिनीवर किती वेळ फिरेल? (भांडुप)

निवटा पाण्याबाहेर ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या ओल्या अस्तरातून श्वास घेतो. अंग सुकलं की संपलं, म्हणून तो चिखलात लोळतो. गेममध्ये दर चार चालींनी लोळण सक्तीची करा, मे महिन्याच्या दुपारी दर दोन. चुकली की वेग निम्मा.

आकार वाढवताना गडबड होते. लांबी दुप्पट केली की वजन आठपट होतं, पण कातडी आणि परांचं क्षेत्रफळ चौपटच. म्हणजे श्वास अपुरा पडतो आणि तो खाजणात रुततो. छातीचे पर फावड्यासारखे रुंद करा आणि कातडीला घड्या द्या.

भरतीचं वेळापत्रक तर हवंच. दोन भरतींमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. सोमवारी सकाळी 9 ची भरती शुक्रवारी सव्वाबाराच्या पुढे जाते. बरेच लेखक पाचही दिवस 9 च ठेवतात आणि कोळीवाड्यातला वाचक तिथेच हसतो. मोठा पाठलाग पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात घाला. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाणी फारसं चढत-उतरत नाही.

फ्लेमिंगोवर बसून उडता येईल? (शिवडी)

नाही. हे पक्षी स्वतःचंच वजन उचलायला आधी धाव घेतात. एका पक्ष्याऐवजी थवा सोबती करा. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, तेव्हा थवा फिका पडला की उपासमार समजायची. बहुतेक पक्षी पावसाळ्यापूर्वी निघून जातात, म्हणून जुलैच्या प्रसंगात नायक एकटाच.

आठ वर्षांच्या मुलीला कॉमिकसाठी सोपा सोबती सुचवा. (दादर)

घार. दुभागलेली शेपटी नीट काढली की ती लगेच ओळखू येते. वळताना ती शेपटी पिळते, तेव्हा वळणाच्या चित्रात शेपटी तिरपी हवी. ताकद म्हणून उंचावरून बारीक वस्तू हेरणं पुरे. खोड म्हणून चोरी: ससून डॉकवर मासळी दिसली की कामगिरी विसरून खाली झेप. मासा मात्र चोचीत नको, पायांत दाखवा. घार झडप पायांनीच घालते.