खालची दाढ काढताना जोर कसा लावावा, जबड्याला इजा न होता?

पुण्यात आमच्याकडे येणाऱ्या इंटर्न मुलांना मी पहिल्यांदा हेच सांगते: दुसऱ्या हाताने खालचा जबडा खालून घट्ट धरा. आधार नसला की सगळा भार कानापुढच्या सांध्यावर जातो. फोर्सेप्सची (दात पकडायच्या चिमट्याची) टोकं हिरडीखाली, मुळांच्या फाट्याकडे दाबून बसवा. नुसता माथा, म्हणजे दाढेचा वर दिसणारा भाग, धरलात तर तो मोडतो. मग दाढ गालाकडे, जिभेकडे, सावकाश हलवा. प्रत्येक बाजूला जोर काही सेकंद धरून ठेवा, म्हणजे हाड पसरतं. हिसका अजिबात नको. दुसऱ्या क्रमांकाच्या दाढेला गालाकडचं हाड जाड असतं, तिथे जिभेकडे जास्त वळवा. एलिव्हेटर (दात उचकटायचं पहारीसारखं हत्यार) शेजारच्या दाढेवर टेकवू नका. दाढ हललीच नाही तर जोर वाढवू नका. एक्स-रे बघा, मुळं कापून एकेक काढा, आणि सिनियरला वेळेत हाक मारा.