वाऱ्यावरचे डायोड

प्रिय मित्रा,

तू घरी बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर दहा मिनिटं गाणं छान वाजलं आणि मग आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे, उडाले, म्हणून हिरमुसू नकोस. माझ्या पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरने तर स्पीकरच जाळला होता. त्या वासाचा उद्धार आई पुढे महिनाभर करत होती.

'आता दुसरं कुठलं सर्किट घेऊ?' असं तू विचारलंस आणि मला मार्शल लीच आठवले. अटलांटाच्या जॉर्जिया टेकमधले प्राध्यापक. २०१० साली गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेच्या 'ऑडिओ' मासिकात त्यांनी घरी बांधता येईल असा अ‍ॅम्प्लिफायर दिला. हौशी मंडळी आजही त्याला 'लीच अ‍ॅम्प' म्हणतात.

त्या काळी आवाजातली विकृती (डिस्टॉर्शन) कमी दिसावी म्हणून सर्रास भरमसाट फीडबॅक लावत, म्हणजे आउटपुटचा काही भाग चूक दुरुस्त करायला परत पहिल्या स्टेजकडे, सर्किटच्या पहिल्या टप्प्याकडे, पाठवत. फिनलंडच्या मट्टी ओटाला यांनी १९७० मध्ये त्यातली गोम दाखवली. आतलं सर्किट संथ असेल, तर तबल्याच्या थापेसारखा सिग्नल अचानक आला की पुढची स्टेज मागे पडते आणि पहिल्या स्टेजवर नको तेवढा भार येऊन ती क्लिप होते, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जातात. लीच यांनी पहिल्या स्टेजमधल्या ट्रान्झिस्टरच्या जोडीच्या एमिटरमध्ये (ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी एक) रेझिस्टर घालून असा सिग्नल पेलण्याची तिची झेप वाढवली आणि फीडबॅक आवरता घेतला. फीडबॅक बिचारा इतका दोषी नव्हता, असं पुढे बऱ्याच जणांनी सांगितलं, मलाही ते पटतं. पण ते रेझिस्टर तिथे का आहेत हे कळल्यावर मी सर्किट नुसतं उतरवून घेणं सोडलं. मास्तर म्हणून लीच मला तिथे भेटले. प्रत्यक्षात कधीच नाही.

आता तुझा फोटो. बायसचे, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरमधून सतत थोडा करंट वाहता ठेवणारा व्होल्टेज ठरवणारे, डायोड बोर्डवर उभे आहेत, वाऱ्यावर! लीच यांनी ते हीटसिंकवर, ट्रान्झिस्टरची उष्णता ओढून घेणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमवर, बसवायला सांगितले होते. ट्रान्झिस्टर तापला की करंट वाढतो आणि वाढलेला करंट त्याला आणखी तापवतो. डायोड त्याच अ‍ॅल्युमिनियमला चिकटलेले असले की तेही तापतात, त्यांच्यावरचा व्होल्टेज उतरतो आणि बायस खाली येतो. तुझ्या डायोडना आगीची खबरच लागली नाही. सर्किट बदलू नकोस, डायोड हलव.

नवे ट्रान्झिस्टर फारच स्वस्तात मिळाले तर घेऊ नकोस, नकली माल खूप आहे. वीज अडवणाऱ्या अभ्रकाच्या चकत्या लावल्यावर ट्रान्झिस्टरची बॉडी आणि हीटसिंक यांच्यात शॉर्ट नाही ना, ते मीटरने बघ. मग स्पीकर न जोडता, मेन्सच्या वायरीत सिरीजमध्ये १०० वॅटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब लावून वीज दे. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, तसाच लखलखत राहिला तर लगेच बंद कर.

असा बल्ब हल्ली दुकानात सहज मिळत नाही. माझ्याकडे दोन आहेत. रविवारी बोर्ड घेऊन ये.

तुझा,
काका