रॅम्प आधी आख, पायऱ्या नंतर

कोथरूडच्या वाचनालयाचा तुझा प्लॅन पाहिला. उजेडाचा विचार सुरेख केला आहेस. पण रॅम्प पार्किंगमधून मागे काढलायस, तो पुढे आण. व्हीलचेअरवरच्या वाचकानं मागच्या दारानं का यावं?

उताराचं प्रमाण 1:12 धर, म्हणजे 1 मीटर चढायला 12 मीटर लांबी. जोतं, म्हणजे जमिनीपासून फरशीची उंची, 450 मिमी असेल तर रॅम्पच 5.4 मीटर होतो, वर-खाली सपाट जागा वेगळी. इतकी जागा शेवटी उरत नाही, म्हणून पहिल्या स्केचमध्येच राखून ठेव. जोतं कमी करता आलं तर फारच उत्तम. आणि पॉलिश केलेला ग्रॅनाइट अजिबात नको; आपल्याकडच्या पावसात त्यावर धडधाकट माणूसही घसरतो. खरबरीत फरशी घे.

टॉयलेटकडे सगळ्यात जास्त लक्ष दे. दाराची मोकळी रुंदी 900 मिमी, आत खुर्ची वळायला 1500 मिमीचं वर्तुळ, दार बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. झाडू-बादल्यांना वेगळी जागा दाखव, नाहीतर त्या तिथेच जाऊन बसतात.

क्लायंट कुरकुरला तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 44 दाखव: सुगम्यतेचे नियम पाळले नाहीत तर इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळत नाही.

अंतिम ड्रॉइंगआधी खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरची (कण्याच्या दुखापतीनं पाय निकामी झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र) परवानगी घेऊन एकदा जाऊन ये. तिथे राहणाऱ्या जवानांना तुझा प्लॅन दाखव, आणि मोजपट्टी सोबत ने.