पर्सनल ट्रेनर व्हायचं असेल तर व्यायामशास्त्रातलं नेमकं काय शिकावं? कोर्स करावा की जिममध्ये काम करता करता जमतं?

तू लिहिलंयस की गोव्यात फोंड्यात राहतोस, वय २२, एका जिममध्ये काम मिळतंय आणि मालक म्हणतो, "पुस्तकं कशाला? मशीन दाखवता आलं की झालं." तू माझ्यापेक्षा बराच लहान, म्हणून अरेतुरे करतो. एरवी असे प्रश्न वाचून पुढे जातो, पण मालकाचं हे वाक्य मी जसंच्या तसं ऐकलंय.

प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड (भार हळूहळू वाढवणं), स्पेसिफिसिटी (जे हवंय त्याचाच सराव), रिकव्हरी (पुरेशी विश्रांती) ही नावं तुला यूट्यूबवर कुणीही सांगेल. ती पाठ करून ट्रेनर होता येत नाही. समोरच्या माणसाला ती कशी लागू करायची, हेच खरं काम.

डिचोलीच्या एका जिममध्ये मी नोकरीला होतो. तिथे साखळी गावाकडचे एक काका यायचे. खाणीवर त्यांचा ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तसा तो दारात उभा राहिला आणि शेवटी विकला. वय ५८, पोट सुटलेलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. ट्रेडमिलच्या समोर मालकाने छापील तक्ता लावला होता: २२० वजा वय म्हणजे हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके, त्याचे ८० टक्के. म्हणजे काकांचे १६२, आणि नाडी १३० च्या आसपास हवी. त्यांची ११० च्या वर जाईचना. मालक लांबूनच ओरडायचा, "काका कामचोरी करतायत, स्पीड वाढव."

मी शेजारी उभा होतो. काकांना धड एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. कठड्यावरची बोटं पांढरी पडली होती. कामचोर माणूस असा दिसत नाही. मी पट्टा हळू केला आणि विचारलं, गोळी कसली घेता? "बीपीची." नाव आठवेना. दुसऱ्या दिवशी शर्टाच्या खिशातून अर्धी संपलेली स्ट्रिप काढून दाखवली. मेटोप्रोलोल. हा बीटा ब्लॉकर, हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाही. म्हणजे त्यांच्यासाठी ११० हाच जोराचा व्यायाम होता आणि तक्ता त्यांना आणखी पळवायला निघाला होता.

हे मी मालकाला सांगितलं. सगळ्यांसमोर उत्तर मिळालं, "तू काय डॉक्टर आहेस?"

डॉक्टर नाहीच. पण तो तक्ता तरी कुठल्या डॉक्टरने त्याच्या भिंतीवर चिकटवला होता? ते २२० वजा वयाचं सूत्र १९७१ च्या एका लेखातून पसरलं. आधी छापून आलेल्या आकड्यांवरून ओढलेली ती ढोबळ रेघ, नेमका प्रयोग करून काढलेली नव्हे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. २००१ मध्ये तनाका या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सुधारित सूत्र दिलं. काकांसाठी ते साधारण १६७ येतं. पण तीही सरासरीच, आणि गोळी चालू असेल तर दोन्ही सूत्रं गुंडाळून ठेवायची. तिथे बोर्गचा ६ ते २० चा श्रमांक वापरतात, म्हणजे किती दम लागला ते माणसाने स्वतःच आकड्यात सांगायचं. त्याहून सोपं म्हणजे बोलायला लावायचं. वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम.

काकांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारलं. चालू ठेवा, श्वासावर लक्ष ठेवा, असं सांगितलं गेलं. आम्ही वेग कमीच ठेवला आणि चढ थोडा थोडा वाढवत नेला. पुढे ते बाजारातून पिशव्या घेऊन घरची चढण न थांबता चढायला लागले. प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड म्हणतात तो हाच. ही पद्धत बॉडीबिल्डरांची आहे असं वाटत असेल तर तेही डोक्यातून काढ. १९४० च्या दशकात डेलॉर्म नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टराने जखमी सैनिकांच्या गुडघ्यांसाठी ती पद्धतशीर बसवली. दहा-दहाचे तीन सेट आपण सगळे मारतो, ते त्याच्याकडूनच आले.

त्याच मालकाची आणखी दोन मतं तुला तुझ्या जिममध्येही ऐकू येतील. एक, घाम म्हणजे चरबी वितळली. अरे, मे महिन्यात फोंड्याच्या बसस्टँडवर नुसतं उभं राहिलं तरी घाम येतो. हवा दमट, तो सुकत नाही, अंग तापतं, एवढंच. वजनकाट्यावर जे कमी झालेलं दिसतं ते पाणी प्यायल्यावर परत येतं. दोन, अंग दुखतं ते लॅक्टिक ॲसिडमुळे, आणि दुखलं नाही तर व्यायाम झालाच नाही. लॅक्टेट तासाभरात उतरतं. दुखणं चढतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ते वजन खाली आणताना स्नायूवर पडणाऱ्या ताणाने. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी असं दुखवलं की तो गणेश चवथीनंतर तोंडही दाखवत नाही.

चवथीवरून आठवलं. पंधरा दिवस सुट्टी घेऊन लोक परत येतात तेव्हा ताकद फारशी गेलेली नसते, दम आधी गेलेला असतो. त्यांचं उचलायचं वजन थोडंसंच उतरव, कार्डिओ जास्त उतरव. आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते ती बहुतेक नसांच्या ताळमेळाने, स्नायू मागाहून वाढतो. स्नायू हाडाला जोडणारे स्नायुबंध तर त्याहूनही सावकाश. म्हणून पोरगा उड्या मारत असला तरी प्लेट चढवायची घाई तू करू नको.

कोर्सचं म्हणशील तर कर. एसीएसएम, एनएससीए, एसीई या अमेरिकन संस्थांपैकी कुठल्याही संस्थेचा चालेल, इंग्रजी वाचायची तयारी ठेव. त्यांना सीपीआरचं (हृदय बंद पडलं तर छाती दाबून करायच्या प्रथमोपचाराचं) प्रमाणपत्रही लागतं, ते आधी करून टाक. हो, आणि मी वर काकांचं सांगितलं म्हणून कुणाच्या गोळ्यांत हात घालू नको. गोळी बंद कर, कमी कर, हे आपण कधीच म्हणायचं नाही. छातीत दुखतंय म्हणाला की व्यायाम तिथेच थांबव आणि डॉक्टर गाठ.

पण कामावर जाण्याआधी मालकाला एक विचार: नवीन माणूस आला की फॉर्मवर औषधांचा रकाना आहे का? पार-क्यू नावाची सात प्रश्नांची यादी असते, बीपीच्या गोळीचा प्रश्न त्यातच आहे. डिचोलीत मी ती मागितली होती. फॉर्म भरायला लावला की गिऱ्हाईक शेजारच्या जिममध्ये जातं, असं मला सुनावलं गेलं. आता माझ्याकडे येणारा प्रत्येक जण तो भरतो, दोन मिनिटं लागतात, आणि त्यापायी कुणी परत गेलेलं मी पाहिलेलं नाही. तुझ्या मालकाला हे खुशाल सांग.