गाडीवरच्या अँटेनाच्या घरगुती माउंटसाठी कोणता इन्सुलेटर वापरावा?

जीपच्या मागच्या बंपरवर ७ मेगाहर्ट्झसाठी अडीच मीटरचा व्हिप (लवचीक काठीसारखा अँटेना) बसवायचा आहे, रेडिओ सेट १०० वॉटचा आहे, तर व्हिप आणि लोखंडी पट्टी यांच्यामध्ये नायलॉन, टेफ्लॉन की पीव्हीसी घालावे, असे आपण विचारले आहे. मात्र लोडिंग कॉइल, म्हणजे आखूड अँटेना जुळवून घेणारे तारेचे वेटोळे, कुठे आहे, हे आपण लिहिलेले नाही आणि निवड त्यावरच ठरते.

कॉइल व्हिपच्या मध्यावर असेल आणि अँटेना रेझोनन्सला आणलेला, म्हणजे ७ मेगाहर्ट्झला नेमका जुळवलेला, असेल, तर बुडाशी साधारण २५ ओहम मिळतात, म्हणजे १०० वॉटला २ अँपिअर प्रवाह आणि अवघे ५० व्होल्ट. एवढ्या व्होल्टेजला जवळपास कोणतेही प्लास्टिक पुरते. तिथे खरी परीक्षा रस्त्यातल्या खड्ड्यांच्या हादऱ्यांची असते. याउलट नुसता व्हिप लावून खाली ट्यूनर (सेट आणि अँटेना जुळवणारी पेटी) जोडणार असाल, तर व्हिपची कपॅसिटन्स (वीजभार साठवण्याची क्षमता) सुमारे २५ पिकोफॅरड धरता रिअॅक्टन्स (तिच्यामुळे बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा) ९०० ओहमच्या आसपास येतो आणि त्याच २ अँपिअरला बुडाशी १८०० व्होल्ट उभे राहतात. शिवाय माउंटचीच कपॅसिटन्स ८-१० पिकोफॅरड झाली, तर प्रवाहाचा मोठा वाटा व्हिपमध्ये न जाता परस्पर बॉडीत उतरतो. म्हणून या रचनेत इन्सुलेटर जाड असावा आणि त्याच्यासमोर येणारे धातूचे पृष्ठ लहान असावे.

माझा पहिला बुश, म्हणजे बोल्टभोवतीचा इन्सुलेटरचा तुकडा, नायलॉनचा होता. उन्हाळ्यात तो उत्तम चालला, पण पावसाळ्यात रोज ट्यूनिंग सरकू लागले, कारण नायलॉन पाणी पिते. नायलॉन ६ पूर्ण भिजल्यावर वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी धरून ठेवते. मग टेफ्लॉन आणले. विजेच्या दृष्टीने त्याला तोड नाही, परंतु सततच्या दाबाखाली ते हळूहळू पसरते. मी आवळलेला नट पंधरा दिवसांत बोटांनी फिरू लागला आणि व्हिप एका बाजूला कलला. टेफ्लॉन वापरायचेच असेल, तर ते चहूबाजूंनी धातूच्या कपात कोंडून बसवावे.

आता माझ्या गाडीवर डेलरिनचा, म्हणजे अॅसिटलचा, बुश आहे. प्लास्टिकचे रॉड विकणाऱ्या दुकानातून ५० मिलिमीटर व्यासाचा तुकडा आणून लेथवाल्याकडून कॉलर असलेले दोन अर्धे भाग करून घेतले. ते पट्टीच्या भोकात वरून आणि खालून बसतात, त्यामुळे बोल्ट पट्टीला कुठेच टेकत नाही. पांढरे डेलरिन उन्हाने खडूसारखे भुरभुरते, तेव्हा वरून रंगाचा हात द्यावा. लेथवाला नसेल, तर भाजी चिरायचा पांढरा एचडीपीई (एक प्रकारचे पॉलिथिन) बोर्ड करवतीने कापूनही काम भागते, फक्त तो मऊ असल्याने वर-खाली मोठे वॉशर घालावेत.

पीव्हीसी, विशेषतः काळे किंवा करडे, ट्यूनरच्या रचनेत टाळावे, कारण त्यात काय मिसळलेले आहे हे कळत नाही. शंका असल्यास तुकडा मायक्रोवेव्हमध्ये पाण्याच्या पेल्याशेजारी मिनिटभर ठेवून पाहावा. तापला तर बाद. ही चाचणी २४५० मेगाहर्ट्झवरची असल्याने ७ मेगाहर्ट्झचा अचूक हिशेब तिच्यातून मिळत नाही, तरी फार वाईट माल ती बहुधा पकडते. समुद्रकाठी राहत असाल, तर बुशवर साचणारा खारट थर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवावा, नाहीतर ट्यूनरच्या रचनेत ठिणगी त्या थरावरूनच धावते.